निळ्या विहिरीची तबिथा

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की पाणी कोमट होतं.

बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. ईस्टरची पहाट होती. वडखडीच्या देवळाची घंटा नुकतीच थांबली होती. ख्रिस्ती वस्तीतल्या बाया पांढरी लुगडी नेसून विहिरीवर आल्या होत्या, आणि दोन वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीत चक्क पाणी होतं. तबिथाने पोहरा ओढला, ओंजळ भरली आणि ती दचकली.

ती दचकली याचं कोणाला नवल वाटलं नाही. तबिथा दचकायचीच. पाल चुकचुकली तरी दचकायची, तव्यावर भाकरी फुगली तरी दचकायची. "स्वतःच्या सावलीला सलाम करून बाजूला होते ती," असं वस्तीतले लोक म्हणायचे, आणि तिला नावानं कमी, 'दचकी' म्हणूनच जास्त हाक मारायचे.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्या कबरींवरची अक्षरंसुद्धा आता पुसून गेली आहेत. तेव्हा दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. शामूलबाबा नावाचे म्हातारे देवळाची घंटा वाजवायचे. त्यांनी उपवासाचे चाळीस दिवस रोज पहाटे त्या कोरड्या विहिरीत उतरून, अगदी खालच्या पायरीवर गुडघे टेकून पाणी मागितलं. असं म्हणतात, की त्यांच्या गुडघ्यांनी त्या दगडाला दोन वाट्या पडल्या. आणि ईस्टरच्या आधीच्या उत्तम शुक्रवारी, दुपारची उपासना संपता संपता, विहिरीच्या पश्चिमेच्या चिरेतून पाणी पाझरलं. रविवारपर्यंत ते पुरुषभर चढलं. लोक रडले, गायले, एकमेकांच्या गळ्यात पडले. शामूलबाबा मात्र नुसते त्या पाण्याकडे बघत बसून राहिले.

तबिथा तालुक्याच्या मिशन दवाखान्यात कामाला होती. डॉक्टरीणबाईंची हत्यारं उकळायची, बाटल्या धुवायची. सणाला म्हणून ती थोरल्या बहिणीकडे, लेआकडे आली होती. लेआ म्हणजे शामूलबाबांची सून. लेआची चार वर्षांची मुलगी सुवार्ता मावशीचा पदर सोडत नव्हती.

"अक्का, पाणी कोमट आहे गं," तबिथा म्हणाली.

"दवाखान्यात उकळत्या पाण्यात हात घालून घालून तुझे हातच मेलेत," लेआ हसली. "चल, घागर उचल."

शामूलबाबांनी ते ऐकलं. ते हळूच म्हणाले, "उठलेल्या प्रभूचं पाणी आहे, पोरी. जिवंत अंग कोमटच असतं."

तबिथाने मान खाली घातली. तिचाही विश्वास होता, कोणाहून तसूभर कमी नव्हता. पण खडकाच्या पोटातलं पाणी गार असतं. कोमट पाण्यानं कुठेतरी ऊन पाहिलेलं असतं. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं विसरता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई तिला नेहमी सांगायच्या, "तबिथा, घाबरायला माझी ना नाही. पण आधी बघ, मग घाबर."

म्हणून सोमवारी ती बघायला गेली. वस्तीच्या वर, अर्ध्या कोसावर माळ होता. तिथे दुष्काळी कामावरची शेकडो माणसं खडी फोडत होती. त्यांच्यासाठी दूरच्या नदीचं पाणी पाटानं आणून एका जुन्या खाणीत साठवलं होतं. ते पाणी उन्हात तापत पडलं होतं. माणसं तेच पीत होती, त्यातच धूत होती. आणि काठावर दोन बाया खाली मान घालून आजाऱ्यांची फडकी पिळत होत्या.

"काय झालंय?" तबिथाने विचारलं.

"पटकी," एक बाई म्हणाली. "उलट्या-जुलाबांनी कालपासून सात गेले."

"पाट कधी सोडला इथे?"

"गुरुवारी."

तबिथाने दिवस मोजले. गुरुवारी पाट, शुक्रवारी विहीर. तिने खाणीभोवती फेरी मारली. उताराच्या बाजूला खडकाची एक चीर होती, आणि तिच्यापाशी एक वाळकं पान गरागरा फिरत होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते पान चिरेत गेलं. असं म्हणतात, की माळावरून खाली येईस्तोवर ती सतरा वेळा दचकली, आणि एकदाही थांबली नाही.

तिने आधी पाळकांना सांगितलं. पाळक भले गृहस्थ होते, पण तरुण होते आणि वस्तीला भीत होते. ते म्हणाले, "बाई, चाळीस दिवसांच्या प्रार्थनेला मिळालेलं उत्तर आहे हे. प्रभूची परीक्षा पाहू नये."

"प्रभूची नाही, पाण्याची पाहते," ती म्हणाली. "प्रार्थना झाल्यावर डोळे उघडायचेच असतात ना, पाळकसाहेब?"

 पाळक तिच्याबरोबर बाहेर पडले नाहीत.

मंगळवारी वस्तीतल्या दोन घरांत उलट्या-जुलाब सुरू झाले. तबिथा दारोदार फिरली. म्हणाली, "निदान उकळून तरी प्या." लोकांना ते पाप वाटलं. देवानं दिलेलं जिवंत पाणी आगीवर ठेवून मारायचं? मग तिने दुसरंच काहीतरी मागायला सुरुवात केली. ईस्टरचे पांढरे कपडे धुवायला घरोघरी नीळ आणलेली होती. उरलेली सगळी नीळ ती मागत सुटली.

"दचके, एवढी नीळ कशाला गं? आभाळ धुवायला काढलंस का?"

ती ओटीभर नीळ घेऊन माळावर गेली, आणि जिथे पान बुडालं होतं तिथे तिने सगळी ओटी रिकामी केली.

बुधवारी सकाळी वडखडीची विहीर निळी झाली होती.

असं म्हणतात, की ती साधीसुधी निळी नव्हती. श्रावणात पाऊस उघडल्यावर ढगांच्या फटीतून दिसतं तसं आभाळ त्या विहिरीत उतरलं होतं. तबिथा पायऱ्यांवर उभी राहून वाट बघत होती. आता सगळ्यांना दिसेल, आता मला काही बोलावंच लागणार नाही, असं तिला वाटत होतं. लोक आले. त्यांनी वाकून पाहिलं. आणि एकेक करत सगळे गुडघ्यांवर बसले.

"स्वर्ग उतरला!" कोणीतरी ओरडलं. पोरांना पुढे केलं गेलं, आजाऱ्यांसाठी घागरी भरल्या जाऊ लागल्या. काल एक घागर नेणाऱ्यांनी आज तीन नेल्या.

तिचा पुरावाच त्यांचा दुसरा चमत्कार झाला होता.

"नाही, नाही हो!" तबिथा ओरडली. "नीळ आहे ती! मी टाकली!"

"तू?" एक जण हसला. "दचकीनं विहीर रंगवली म्हणे!"

"इथे नाही, वर माळावर टाकली. खाणीत."

"अर्ध्या कोसावर टाकलेली नीळ इथे उतरली? मग हाच चमत्कार नाही तर काय गं?"

लोक हसले, घागरी उचलून चालू लागले. पण शामूलबाबा हसले नाहीत. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे, आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

मग तबिथा विहिरीच्या काठावर चढली आणि हाका मारू लागली. "पिऊ नका! उकळा! ओ द्या कुणीतरी!" एरवी शेजारच्या खाटेवर ऐकू जायचा नाही असा तिचा आवाज. दुपार होईतो तोही बसला. पण असं म्हणतात, की तिचा आवाज गेला तेव्हा विहिरीनं तिची हाक उचलली. तबिथाच्या ओठांतून नुसती फुंकर निघायची आणि विहिरीच्या तळातून हाक यायची. ती बंद दारांमधून आत शिरायची, रिकाम्या घागरींमध्ये घुमायची. लोक कानांवर हात ठेवून बसले, पण ओ कोणी दिली नाही.

उन्हं कलती झाली तेव्हा शामूलबाबांच्या घरातून लेआची किंकाळी आली. सुवार्ताला उलटी झाली होती. आणि ती निळी होती.

तबिथा धावत दाराशी गेली. दार आतून लावलेलं होतं. तिने कडी वाजवली, थाप मारली. आत म्हाताऱ्याची चाहूल होती, अगदी दारामागेच.

"तबू," ते आतून म्हणाले, "खरं सांग. चाळीस दिवस मी मागितलं. ते कोणीच ऐकलं नाही का?"

तिला काहीही सांगता आलं असतं. गोड काहीतरी बोलली असती तर कदाचित दार लगेच उघडलं असतं. पण असं म्हणतात, की तबिथा जन्मात एकदाच दचकली नाही, ती त्या वेळी.

"ते मला ठाऊक नाही, बाबा," ती उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली. "मीही रोज मागते. पाणी कुठून आलं, एवढंच मला ठाऊक आहे. तिला ते पाजू नका. उकळलेलं पाणी द्या, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ. थोडं थोडं द्या, पण थांबू नका. बाबा, ओ द्या."

आत शांत झालं.

ती शांतता किती वेळ टिकली यावर वडखडीत आजही वाद होतात. तिचा शेवट कसा झाला ते सांगण्याआधी तिथे आता काय करतात ते सांगते.

तिथे आजही बाप्तिस्म्याचं पाणी देवळाच्या अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चुलीवर ठेवतात. पाळक चुलीशी उभे राहून प्रार्थना सुरू करतात, पण पाणी खळखळून उकळल्याशिवाय त्यांना आमेन म्हणायची परवानगी नाही. लाकडं ओली असली की प्रार्थना फार लांबते. नवे पाळक आले की बाया पदराआड हसतात, "बघू या साहेबांचा दम!" पण आमेन झाला की कोणी हसत नाही. ते पाणी निवेपर्यंत सगळे तिथेच उभे राहतात. त्याला तबिथाचं पाणी म्हणतात. बाळाला पाणी लावून झालं की उरल्यातला पहिला घोट वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला देतात. पुष्कळ वर्षं तो मान सुवार्ताआजीकडे होता.

आणखी एक रीत आहे. त्या विहिरीवरून कोणीही हाक मारली, लहान पोरानं खेळात मारली, वेड्यानं मारली, तरी ज्याच्या कानी पडेल त्यानं हातातलं काम टाकून ओ द्यायची. हाक कशासाठी आहे ते नंतर विचारायचं.

तर त्या संध्याकाळी तबिथा उंबऱ्याबाहेर बसली होती. तिला आता हाकही मारवत नव्हती. ती नुसती तळहातानं दारावर थापटत होती, झोपलेल्या मुलाला थोपटावं तसं. गल्लीत एकेक दार किलकिलं झालं होतं. लोक बाहेर येत नव्हते, पण बघत होते. विहीरही गप्प झाली होती.

आणि मग शामूलबाबांच्या कौलांतून धूर निघू लागला. आधी बारीक, मग दाट. गल्लीतल्या सगळ्यांनी तो पाहिला.

आतून कडी निघाल्याचा आवाज आला.

"ओ, तबू," म्हातारा म्हणाला. "ये. पाणी चुलीवर ठेवलंय."