शाल अंगावर राहिली तर

बोरखेडीच्या नव्या प्रसूतिगृहात पंखे नव्हते. छतावरचा झरोका गरम हवा वर ओढतो आणि खालच्या जाळीतून सावलीतली गार हवा आत येते, असं आर्किटेक्ट रणदिवे साहेब ऐटीत सांगत. ताबा घेण्याआधी डॉक्टर मृणाल धोत्रे म्हणाल्या, "भर उन्हात एकदा तपासून बघू."

"बक्षीस मिळालेल्या डिझाइनची तपासणी?" साहेब फणकारले. "मुकाट्याने ताब्याच्या कागदावर सही करा, नाहीतर वर कळवतो."

डॉक्टर गोड हसल्या. "करते की! पण आधी तुमचा सत्कार. त्याच खोलीत."

सत्कार म्हटल्यावर साहेब खुलले. वैशाखातली दुपार होती. गावाने हौसेने त्यांना फेटा बांधला, जाड शाल पांघरली आणि सरपंचांनी भाषण सुरू केलं. ते काही संपेना. साहेबांच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या. शाल काढायला हात गेला, तशा डॉक्टर म्हणाल्या, "राहू द्या. आमची बाळंतीण अशीच डोकं बांधून, पांघरूण घेऊन इथे झोपणार आहे."

झरोका हवा का ओढत नाही ते बघायला साहेब फेट्यासकट शिडीवर चढले. झरोक्यावर बांधकामाच्या वेळचं प्लास्टिक तसंच बांधलेलं! दुसऱ्या कुणीतरी काढलं असेल, असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. त्यांनी ते टराटरा फाडलं. खालच्या जाळीतून झुळूक आत आली आणि डॉक्टरांच्या जिवात जीव आला.

"आता तरी करा सही," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. सरपंचांचं भाषण उरलंय. ते संपेपर्यंत शाल अंगावर राहिली, की लगेच करते."