लाईट साहेबांना विचारून जाते

वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले राजोपाध्ये साहेब बंगल्याच्या गॅरेजला बटणावर उघडणारं शटर बसवून घेत होते. शटर बसवणारी शेवंता म्हणाली, "साहेब, मोटरला बॅटरी जोडू. लाईट गेली तर गाडी आतच अडकेल."

साहेब पाहुण्यांसमोर गरजले, "मला शिकवतेस? या कॉलनीत मला विचारल्याशिवाय लाईट जात नाही!"

शेवंताने पाना खाली ठेवला. "मग हे कॉलनीच्या ग्रुपवर टाका की! लाईट गेली की सगळे एकमेकांना विचारत बसतात, 'तुमच्याकडे आहे का?' यापुढे थेट तुम्हालाच फोन करतील."

पाहुणे खो खो हसले. साहेबांनी हातातला मोबाईल हळूच खिशात सरकवला.

"बॅटरी," ते पुटपुटले, "जरा मोठीच बसव."