रथाला खांदा देणारा शिदबा आणि पट्टेवाली भागू

कोळंबखिंडीत गाडीवाट झाली नव्हती, मीठसुद्धा बैलाच्या पाठीवरून यायचं, त्या काळातली ही गोष्ट. त्या गावात शिदबा नावाचा एक माणूस होता. अंगानं असा, की दारातून आत शिरताना त्याला तिरकं व्हावं लागायचं. जो दगड हलवताना चार गडी घामाघूम व्हायचे, तो खांद्यावर घेऊन शिदबा देवळाला फेरी घालायचा, असं म्हणतात.

त्याच गावात भागू राहायची. बापानं तिला दांडपट्टा शिकवला होता. हातात कोपरापर्यंत लोखंडी मूठ आणि पुढं लवलवतं लांब पातं. ती पट्टा फिरवायला लागली की पावसाचा थेंब तिच्या अंगाला शिवत नसे, असं म्हणतात. बाप गेल्यावर आखाडा तीच चालवत होती.

खालच्या आळीत शिदबाची तालीम, वरच्या आळीत भागूचा आखाडा. दोन्हीकडची पोरं एकमेकांना पाण्यात पाहायची. एकदा पाणवठ्यावर शिदबा म्हणाला, “पट्ट्याला वजन ते काय? वारा कापायचा आणि वाहवा घ्यायची.”

भागू घागर भरता भरता म्हणाली, “दगड पळत नाही, दादा. म्हणून तुम्हांला उचलता येतो.”

झालं. बोलणं आळ्याआळ्यांतून फिरलं आणि फुगत गेलं. जत्रेच्या दिवशी खालच्या माळावर दोघांनी समोरासमोर यायचं, आणि जो हरेल त्यानं आपल्या तालमीचं नाहीतर आखाड्याचं दार कायमचं बंद करायचं, असं ठरलं.

जत्रा आली. भैरोबाचा दुमजली सागवानी रथ देवळातून निघाला. देऊळ वर खिंडीत, माळ खाली, मधे सगळा उतार. पुढं दोर ओढणारे, मागं दोर धरून रथ आवरणारे. भागू हातात पट्टा चढवूनच चालत होती. अर्ध्या उतारावर मागचे दोर तुटले.

रथ सुटला. पुढची माणसं पळायला गेली ती आपल्याच दोरांत अडकून पडली. दोर चाकांच्या कण्याला गुंडाळत गेले आणि माणसं चाकाकडं ओढली जाऊ लागली.

सगळे बाजूला पळत होते, शिदबा रथाच्या तोंडावर धावला. त्यानं पुढच्या तुळईला खांदा लावला. रथानं त्याला रेटत नेलं. त्याचे पाय जमिनीत घुसले, घोटे रुतले, गुडघे रुतले, आणि रथ थांबला. पण दोर तसेच ताणलेले, कुणाच्या गळ्याला, कुणाच्या पायाला.

“भागू, दोर,” एवढंच तो बोलला.

भागू त्या गुंत्यात शिरली. पातं कुणाला दिसलंच नाही, नुसतं उजेडाचं एक चाक फिरत गेलं, असं म्हणतात. दोर तुटत गेले, माणसं सुटत गेली, आणि कुणाच्या कातडीवर ओरखडासुद्धा उठला नाही.

शेवटचा दोर राहिला. तो शिदबाच्याच मनगटाला आवळून चाकात गेला होता. तो दचकला असता तर हात गेला असता. त्यानं अंग चोरलं असतं तर रथ भागूवर आला असता.

“हलू नका, दादा.”

“तू चालव, पोरी. मी कुठं जात नाही.”

पातं फिरलं. दोर गळून पडला. शिदबानं एकच श्वास भरला, रुतलेले पाय उपसले आणि अख्खा रथ बाजूच्या बांधाला नेऊन टेकवला. देवाच्या डोक्यावरचं फूलही ढळलं नाही, असं म्हणतात.

खाली माळावर गाव सामन्यासाठी थांबलं होतं. शिदबा आला. एक खांदा लोंबत होता. सगळ्यांसमोर तो भागूला म्हणाला, “भरधाव पातं तू कातडीला न शिवता थांबवतेस. असलं वजन मला पेलायचं नाही.”

भागूनं पट्टा उतरवून जमिनीवर ठेवला. “तुम्ही थरथरला असतात तर माझा हात चुकला असता,” ती म्हणाली, आणि त्याच्या पाया पडली. सामना झालाच नाही.

कोळंबखिंडीत आजही जत्रेच्या सकाळी तालमीतले गडी वरच्या आळीत जातात आणि पट्ट्यांची पाती स्वतः घासूनपुसून लखलखीत करतात. आखाड्यातली मुलं-मुली खाली येतात आणि दगड उचलणाऱ्यांच्या खांद्यांना हळद लावतात. मग गुरव विचारतो, “एकमेकांना भेटलात का?” दोन्ही आळ्या एका आवाजात हो म्हणतात, आणि त्यानंतरच रथ उताराला लागतो.