दिवाणजींच्या दारची मांजरं

खारवणीचे राजे उदाजीराव जेवायला बसले आणि त्यांच्या ताटातलं वरण भिंतीकडे चालू लागलं.

"हे कुठे निघालं?" महाराजांनी विचारलं.

वरणामागोमाग लिंबाची फोड निघाली, तिच्यामागे तांब्या गडगडला. तेव्हा कुठे दरबाराच्या ध्यानात आलं, की नवाकोरा महाल एका अंगाला कललाय.

महाल होता खाडीकाठी. तिथल्या चिखलात दगडी पाया बुडतो, म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी करतात. खांबांची बुडं आधी भाजायची आणि मग माशाच्या तेलात मुरवायची, म्हणजे पाणी शिरत नाही आणि वाळवी शिवत नाही. महालासाठी सरकारी कोठीतून तेलाचे रांजणच्या रांजण निघाले होते. आता खांबाला बोट लावलं तर बोट आत जात होतं.

"तेल सुतारानं विकून खाल्लं," दिवाण नरहरपंत म्हणाले.

बाबल सुतार हात जोडून उभा राहिला. "सरकार, त्याल माज्या हाती आलंच नाय. दिवाणजी बोलले, खांब आमीच मुरवून देतो. आले ते काळे व्हते, पन वास नव्हता. मी इचारलं, तर बोलले, राजाच्या खांबाला मासळीचा वास शोभत नाय, आमी तो काढून घेतलाय."

"मी माशाचं तेल घेऊन करू काय?" दिवाणजी कडाडले. "आमच्या घरात सात पिढ्यांत माशाचा काटा आलेला नाही! रस्त्यानं मासळीची पाटी गेली तरी मी पुन्हा आंघोळ करतो."

दरबारानं माना डोलावल्या. दिवसातून इतक्यांदा आंघोळ करणारा माणूस चोर कसा असेल?

"सुताराचे अंगठे तोडा," महाराजांनी निकाल दिला. अंगठे गेल्यावर बाबल पटाशी कशानं धरणार, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

तेवढ्यात बाबलची सून आवडी पुढे आली. "सरकार, चोर दाखवला तर?"

"दाखव की."

"पण झडती नको," दिवाणजी घाईघाईनं म्हणाले. "प्रतिष्ठितांची घरं उचकली तर राज्याची अब्रू जाते. कुठे खणायचंही नाही. आणि साक्षीदार तर नकोतच, हल्ली ते फार महाग झालेत."

"ठरलं," महाराज म्हणाले. "झडती नाही, कुदळ नाही, साक्षीदार नाही. उद्या दिवस मावळेपर्यंत चोर दिसला नाही, तर सासऱ्याबरोबर तुझेही अंगठे."

"सूनबाय, गप ऱ्हा," बाबल कळवळून म्हणाला.

"मामंजी, तुमी घरी जा नि पटाशीला धार लावा." मग ती महाराजांकडे वळली. "येकच मागनं हाय, सरकार. उद्या गावात मासळी नको. बाजारात नको, कुनाच्या चुलीवर नको. सुकट पन नको."

महाराजांचा चेहरा पडला. अंगठे तोडा म्हणताना पडला नव्हता, पण रोज दुपारी त्यांना तळलेले बोंबील लागत. तरी शब्द दिला होता. दवंडी पिटली गेली.

खारवणीत माणसांपेक्षा मांजरं जास्त, आणि सगळ्या गावालाच मासळीचा वास. तो कुठून येतो हे कोण शोधत बसतंय? दुसऱ्या दिवशी मात्र ना टोपली उघडली, ना चूल घमघमली. उपाशी मांजरं नाक वर करून फिरू लागली. दुपार कलल्यावर आवडी महाराजांना म्हणाली, "चला सरकार, वाईच फिरून येऊ."

महालाशेजारीच, त्याच हंगामात बांधलेलं दिवाणजींचं घर होतं. ते अगदी ताठ उभं होतं. आणि त्याच्याभोवती अख्ख्या गावाची मांजरं जमली होती. काळी, पांढरी, शेपूटतुटकी, सगळी खांबांची बुडं चाटत होती. सोवळ्यातले दिवाणजी काठी घेऊन "हट, हट" करत फेऱ्या घालत होते.

"नरहरपंत, ही कसली जत्रा?"

"मुकं जनावर, महाराज. कुठेही जातं."

"महालात तर येक बी गेलं नाय," आवडी म्हणाली. "दिवाणजी, मासा तुमच्याकडं हाय हे समद्या गावानं बघितलं. आता तुमीच सांगा, तो तुमच्या हंडीत हाय का घराच्या पायात?"

दिवाणजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. ओसरीवर त्यांचे व्याही उभे होते, भटजी उभे होते, सात पिढ्यांची शुद्धता उभी होती.

"पायात!" ते ओरडले. "तेल मीच चोरलं, महाराज! पण मासा खाल्ला नाही हो, देवाशपथ!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की कानातला अत्तराचा फाया गळून पडला. मग त्यांनाही वास आला.

"आजपासून हे घर आमचं आणि महाल तुमचा," ते डोळे पुसत म्हणाले. "वरण जरा घट्ट करत जा!"

बाबलला सोन्याचं कडं मिळालं आणि तेलाच्या कोठीच्या किल्ल्या आवडीच्या कमरेला आल्या. "आणखी काय हवं, पोरी?"

"मला काय नको, सरकार. पन साक्षीदार म्हाग झालेत म्हनतात, ते खरंच हाय." आवडीनं मांजरांकडे बोट दाखवलं. "हे समदे मिळून पाटीभर बांगडे मागत्यात."

महाराजांनी दोन पाट्या मागवल्या. एक बांगड्यांची, साक्षीदारांसाठी. दुसरी बोंबलांची होती, आणि तिच्या जवळ त्यांनी कुणालाही येऊ दिलं नाही.