खाजकुइली आणि सात मोहोरा

राजे प्रतापभानू भर दरबारात कराकरा पाठ खाजवू लागले! बागेच्या भिंतीवर खाजकुइलीचा वेल चढला होता. वारा सुटला आणि शेंगांवरची कुसं थेट सिंहासनापर्यंत पोचली. राजवैद्यांनी महाराजांना शेण चोळलं, तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

"उद्या सूर्यास्ताच्या आत वेल गेला पाहिजे! नाहीतर रावजी माळी राज्याबाहेर!" महाराज गरजले.

विळा चालवला की काम संपलं असतं. पण अमात्य त्र्यंबकपंतांना नियम केल्याशिवाय अन्न पचत नसे! त्यांनी लांबलचक मेणकापडावर लिहिलं, "आदेश! लेखी आदेश हाती असल्याशिवाय खाजकुइलीला कोणी हात लावू नये. ती जाळू नये, पुरू नये, नदीत टाकू नये. बंद भांड्यात घालून सुरक्षित जागी ठेवावी."

"मग तो लेखी आदेश द्या, पंत," रावजीनं हात जोडले.

"अर्ज कर! त्यावर सात अधिकाऱ्यांच्या मोहोरा उमटाव्या लागतात. सातवे मोहोरवाले काशीला गेलेत. येतील चार महिन्यांनी!"

चाळीस वर्षं वाढवलेली बाग सोडायची? रावजीला रडूच आलं. त्याची लेक केवडा मात्र पुढे झाली.

"पंत, या नियमांच्या दोन प्रती मिळतील?"

"घे की! वाच आणि शहाणी हो!"

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला महाराज आले. भिंत स्वच्छ!

"नियम मोडला!" पंत ओरडले. "आदेश हाती नसताना..."

केवडानं दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत मेणकापड गुंडाळलेलं!

"हातीच होता, महाराज! एकेका हाती एकेक. पहिलाच शब्द वाचा, 'आदेश'! आणि वेल आधी पाण्यानं भिजवला, म्हणजे कुसं उडत नाहीत. तेवढं मात्र पंतांनी लिहिलंच नाही."

"आणि शेंगा?" महाराजांनी विचारलं.

"बंद रांजणात, पंतांच्या दप्तरखान्यात."

"माझ्या दप्तरखान्यात?" पंत किंचाळले.

"त्याहून सुरक्षित जागा कुठली? तिथे आत गेलेलं आजवर काही बाहेर आलंय का?"

महाराज पोट धरधरून हसले! हातातलं सोन्याचं कडं त्यांनी केवडाला दिलं आणि बाग रावजीला इनाम दिली. पंतांनी मात्र चिडून तिच्या हातांवरचं मेणकापड हिसकावलं, अन् लगेच थयथय नाचू लागले.

"अगं, शेण! शेण दे लवकर!"

"देते की, पंत," केवडा म्हणाली. "अर्ज करा!"