सुवेळा नगरीचं गटार

लहानांनो, आणि लहानांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा नगरींना वेशी असत, आणि राजे आपल्या दाईला आई म्हणून हाक मारत.

एका टेकडीच्या उतारावर सुवेळा नावाची नगरी होती. माथ्यावर राजवाडा, पायथ्याशी कुंभारआळी. माथ्यापासून पायथ्यापर्यंत जमिनीच्या पोटातून विटांचं एक गटार गेलं होतं. घराघरांतलं सांडपाणी त्यातून वाहत नगरीबाहेर जाई. ते कुणी बांधलं, कधी बांधलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर ते आहे, हेही लोक विसरले होते. पोट ठीक असलं की पोटाची आठवण कुणाला येते?

नगरीची भरभराट झाली. दूरदूरची माणसं राहायला येऊ लागली. राजाने टेकडीवर नवी पेठ वसवली. तिच्या पलीकडे दुसरी, मग तिसरी. प्रत्येक पेठेला नक्षीदार कमान होती. आणि प्रत्येक पेठेच्या मोऱ्या जोडल्या होत्या त्याच जुन्या गटाराला.

शेवटी व्हायचं ते झालं. खाली कुंभारआळीत आधी जमीन भुसभुशीत झाली. मग अंगणांतून काळं पाणी वर आलं. ते विहिरीत झिरपलं आणि आळीत ओकारी-जुलाबाची साथ पसरली. भिवा कुंभाराची चिमुरडी लेक त्यात गेली.

त्याच आळीत हौसाई राहत होती. राजा तान्हा असताना त्याची आई आजारी होती. तेव्हा हौसाईनेच त्याला आपलं दूध पाजून वाढवलं होतं. ती अंथरुणाला खिळल्याचं कळताच राजा पालखीही न मागवता चालत खाली आला. आळीच्या तोंडाशीच त्याने उपरणं नाकाला लावलं. मग दारात बसलेल्या भिवाकडे नजर गेली आणि त्याने ते खाली घेतलं.

"आई, वाड्यावर चल," तो हौसाईला म्हणाला. "तिथे पाणी स्वच्छ आहे."

हौसाई कशीबशी उठून बसली. "मला नेशील रे बाळा. साऱ्या आळीला नेशील का?"

राजाने दारातून दिसणाऱ्या काळ्या पाण्याकडे पाहिलं.

"हे वरून येतं," ती म्हणाली. "नव्या पेठांचं. त्या माणसांवर माझा राग नाही. घर म्हटलं की मोरी आलीच. पण म्हाताऱ्या पाठीवर ओझं किती लादायचं, हे कुणीतरी बघायला नको का?"

राजाने वरचं पाणी चर खणून बाजूला वळवलं, आळीतली जमीन उकरली, आणि गवंड्यांना घेऊन तो स्वतः गटारात उतरला. मशालीच्या उजेडात दिसलं ते असं : कुठे छत खचलेलं, कुठे विटांत मुळं घुसलेली, सगळीकडे गाळ. पण जिथे पडझड नव्हती, तिथे चुन्याचा सांधा अजून घट्ट होता. वळणावर पाण्याचा मार बसू नये म्हणून दगड बसवले होते. साफ करणाऱ्याचा जीव गुदमरू नये म्हणून जागोजागी हवेला वाट ठेवली होती. आणि गटार एवढं ऐसपैस, की उभा माणूस सहज चालावा.

"एवढं मोठं कशाला बांधलं असेल?" राजा म्हणाला. "त्यांची नगरी तर मूठभर..."

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. ज्यांनी आपलं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांनी आपल्यासाठी जागा करून ठेवली होती! त्याने त्या ओल्या भिंतीला कपाळ टेकवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दरबारात सांगितलं, "नवी पेठ थांबवा. आधी गटार."

नवी पेठ वसवण्याचं काम नेमाशेटकडे होतं. तो म्हणाला, "महाराज, कमान बांधली तर येणारा-जाणारा नाव काढेल. जमिनीखालच्या कामाला वाहवा कोण म्हणणार?"

"कुणी नाही," राजा म्हणाला. "आपण तरी कधी म्हणालो? तरीही त्यांनी बांधलंच ना?"

काम सोपं नव्हतं. कर वाढले. वाड्याची बाग सुकली. नव्याने आलेल्यांना वेशीबाहेर राहुट्यांत दिवस काढावे लागले. कमानीसाठी घडवलेले दगड उतारावरून खाली आणले गेले. वरच्या पेठांमधली माणसं टोपल्या घेऊन आळीत आली, तेव्हा भिवा वाट अडवून उभा राहिला.

"आता आलात?" तो म्हणाला.

सगळ्यांच्या पुढे नेमाशेट होता. त्याने मान खाली घातली, वाकून गाळाची टोपली उचलली आणि तशीच डोक्यावर घेतली. घाण पाणी त्याच्या गालांवरून ओघळलं. भिवा आत गेला आणि कापडाची एक चुंबळ घेऊन आला.

"ही घ्या टोपलीखाली," तो म्हणाला. "नाहीतर मान धरेल."

जुनं गटार दुरुस्त झालं. त्याच्या शेजारी नवं खणलं गेलं, तेही गरजेपेक्षा मोठं. विहीर उपसली, पुन्हा भरली. हौसाई काठी टेकत आली आणि पहिली ओंजळ प्यायली. "गोड आहे," ती म्हणाली, आणि आळीभर बायांनी घागरी बुडवल्या.

राजाने नियम केला : आधी गटार, मग घर. दर वर्षी सफाईच्या दिवशी सारी नगरी, माथ्याची आणि पायथ्याची, हातात टोपली घेऊन येई. खाली उतरण्याआधी सगळे त्या विटांना हात जोडत.

पुढे सुवेळा कितीतरी वाढली, पण कुंभारआळीच्या अंगणात काळं पाणी पुन्हा कधी आलं नाही.

बोध : ज्यांच्या न दिसणाऱ्या कष्टांवर आपण सुखाने जगतो, त्यांचे आभार त्यांच्या कामाची निगा राखून आणि पुढच्यांसाठी तसंच काम करून मानावेत.