गोजराने मागितलेली शिक्षा

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नावही आता कोणाला आठवत नाही. त्या राज्यातल्या एका माळावर घोंगड्या विणणाऱ्यांचं गाव होतं आणि त्या गावात गोजरा नावाची बाई राहत होती.

गोजराचे आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ बिरू तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. तिने त्याला वाढवलं, मागावर बसायला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि आपल्या घराला लागूनच त्याला घर बांधून दिलं. बिरू मोठा हसरा. तो ओट्यावर येऊन बसला की दोन गल्ल्यांतली माणसं गोळा व्हायची.

मग एका उन्हाळ्यात तो गप्प होत गेला. आणि एका सकाळी त्याने आपल्या हाताने आपला जीव संपवला. एकतीस वर्षांचा होता.

तेराव्यापर्यंत लोक आले, नंतर येईनासे झाले. तो तापाने गेला असता तर त्यांना चार शब्द सुचले असते. इथे काय बोलावं ते कोणालाच उमगेना. गोजरा पाणवठ्यावर दिसली की बायका घाईघाईने घागरी उचलायच्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण बिरूचं नाव घ्यायला सगळे भ्यायचे. भावजयीचं दारही बंदच असायचं. ती आपल्यालाच दोष देत असणार, असं गोजराने मनाशी धरलं आणि तीही तिकडे फिरकली नाही.

तिच्या डोक्यात एकच दुपार फिरत राहिली. जाण्याच्या तीन दिवस आधी बिरू तिच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"अक्का, बसू का जरा?"

तिचे हात कोपरापर्यंत घोंगडीला लावायच्या चिंचोक्याच्या खळीत होते. "उद्या ये रे," ती म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही.

चार महिने गेले. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला की तिला ते "बरं" ऐकू यायचं. माग थांबला. केस विंचरायलाही हात उचलेना. रडून रडून रडणंसुद्धा आटलं आणि नुसता थकवा उरला.

शेवटी एक दिवस ती उठली, दोन दिवस चालत राजधानीला गेली आणि न्यायाधीशांसमोर उभी राहिली.

न्यायाधीश म्हातारे होते. सकाळपासून लोकांची भांडणं ऐकून त्यांचेही खांदे पडले होते.

"फिर्याद कोणावर आहे, बाई?"

"माझ्यावरच, सरकार. माझ्यामुळे माझा भाऊ गेला. मला शिक्षा द्या."

तिने सगळं सांगितलं. न्यायाधीशांनी तिला मध्ये एकदाही तोडलं नाही.

"शिक्षा मिळून काय होईल?" त्यांनी विचारलं.

"हे संपेल, सरकार. दमले मी."

"आरोपीच्या एकटीच्या सांगण्यावरून मी निकाल देत नाही. शेवटच्या दिवसांत तुझ्या भावाला जे जे भेटले, त्यांना बोलावतो. तोवर धर्मशाळेत राहा. आणि दोन घास खा."

सहाव्या दिवशी गावाहून तिघं आले: बिरूची बायको चिंगू, त्याचा जिवलग मित्र खंडू आणि सिदाप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ. गोजराने मान खाली घातली. आता भावजय सगळ्यांदेखत बोट दाखवणार, असं तिला वाटलं.

"या बाईने गुन्हा केला, हे तुला माहीत आहे?" न्यायाधीशांनी चिंगूला विचारलं.

"वन्संनी? त्यांचा कसला गुन्हा?" चिंगू म्हणाली. "गुन्हा माझा आहे. ते जेवत नव्हते, बोलत नव्हते. मला वाटलं, माझ्यावर रुसलेत. मग मीही अबोला धरला. नऊ दिवस. वन्संना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून दार लावून बसले."

खंडू पुढे आला. "मला तो म्हणाला होता, सगळ्याचा कंटाळा आलाय. मी हसलो, सरकार. म्हटलं, संसारी माणसाचं असंच असतं."

सिदाप्पाने काठी खाली ठेवली. "त्या दिवशी सकाळी मला तो वाटेत दिसला. मेंढरं पुढं निघाली होती, मी थांबलो नाही. थांबायला पाहिजे होतं."

न्यायाधीश गोजराकडे वळले.

"खंडूला काय शिक्षा देऊ?"

"त्याला कशाला, सरकार? त्याला काय माहीत होतं?"

"आणि या मुलीला?"

"तिला? तिच्यावर आधीच आभाळ कोसळलंय!"

"सिदाप्पाला?"

"तो तर वाटेने चालला होता बिचारा."

"मग तुला तरी काय माहीत होतं, बाई?"

गोजरा खाली बसली.

"मग कारण काय होतं?" ती म्हणाली. "कोणाचंच काही चुकलं नाही, तर तो गेला का?"

"मला ठाऊक नाही," न्यायाधीश म्हणाले. "त्याच्या मनात काहीतरी दुखत होतं, आणि ते तुम्हा चौघांनाही दिसलं नाही. तू दोषी ठरलीस तर निदान कारण तरी हाताशी येईल, म्हणून तू शिक्षा मागतेस. मी तुला खोटं कारण देणार नाही."

ते सावकाश उठले. "शिक्षा कोणालाच नाही. हुकूम मात्र आहे. चौघांनी एकत्र घरी जायचं. वाटेत बिरूबद्दल बोलायचं. त्या एका सकाळीबद्दल नव्हे, तो एकतीस वर्षं जगला त्याबद्दल."

पहिला अख्खा दिवस ते मुकाट चालले. दुसऱ्या दिवशी एका विहिरीवर पाणी पिताना चिंगू हळूच म्हणाली, "त्यांना शेवटपर्यंत फेटा बांधता आला नाही. रोज सकाळी माझ्यापुढे डोकं करायचे."

"लग्नात मीच बांधला होता," खंडू म्हणाला. "मांडवातच सुटला."

गोजरा हसली. हसली आणि घाबरली, आपण हसलो कसे म्हणून. चिंगूने तिचा हात धरला. मग दोघी त्या विहिरीच्या काठावर पोटभर रडल्या आणि सिदाप्पा काठीवर हनुवटी टेकून जवळच बसून राहिला.

दुःख काही गेलं नाही. कितीतरी सकाळी गोजराला अंथरुणातून उठवत नसे. तेव्हा चिंगू येऊन चूल पेटवायची. कधी चिंगू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची, तेव्हा गोजरा पेज घेऊन जायची आणि ती पिईपर्यंत उठायची नाही. "का?" हा प्रश्न दोघींनाही सुटला नाही, पण तो आता एकटीला पडत नव्हता.

वर्षश्राद्धाला दोघींनी सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. लोक बिचकत आले, खाली मान घालून पंक्तीत बसले. वाढता वाढता गोजरा मोठ्याने म्हणाली, "पोटभर जेवा. आमच्या बिरूला पंक्तीत कोणी लाजलेलं आवडायचं नाही." मग एका म्हातारीने डोळे पुसले आणि बिरूची एक आठवण सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी पंक्ती उठायला संध्याकाळ झाली.

बोध: आपलं माणूस स्वतःहून गेलं, तर त्याचा दोष एकट्याने उरावर घेऊन जगू नये, ते दुःख आपल्या माणसांत बोलावं, म्हणजे ते पेलायला बळ येतं.